नावाला जोडलेलं ‘के’

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीलाही नाही. मिशिगनमधल्या एका हॉस्पिटलच्या वेटिंग रूममध्ये, भर दुपारी, हातात कागदी कपातली गार झालेली कॉफी धरून मी खोटं बोललो. एकच शब्द. "येस." मला विचारलं होतं, "हे तिचं जन्माचंच नाव ना?" प्रश्न माझ्या बायकोबद्दल होता.

सांगायचं लांबणीवर टाकण्यात माझे बरेच महिने गेले आहेत, त्यामुळे आता सांगतानाही दमायला होतं. पण सांगतो.

आम्ही शिकागोजवळ शॉमबर्गला राहतो. मुलगी एकुलती एक. शिकायला मिशिगनला गेली, तिथेच नोकरीला लागली आणि तिथलाच नवरा केला. जावयाचे पणजोबा नेदरलँड्सच्या उत्तरेकडच्या फ्रीसलँड नावाच्या मुलखातून आलेले. तिथल्या लोकांची भाषा वेगळी, फ्रिशियन. "डच लोकांनासुद्धा ती धड कळत नाही," असं आमच्या विहीणबाई फार कौतुकानं सांगतात. त्या शाळेत लायब्ररियन होत्या. रिटायर झाल्यावर लोक बागकाम करतात, क्रूझवर जातात. यांनी नावांचा नाद लावून घेतला. आडनावांचा नाही, पाळण्यातल्या नावांचा. त्यांच्याकडे एक जाड वही आहे. घराण्यातल्या माणसाचं नाव, ते कुणावरून ठेवलं, आणि त्याचं मूळ काय, असं सगळं त्यांनी त्यात लिहून ठेवलंय.

लग्नाच्या आदल्या दिवशी जेवणाच्या टेबलांवर पाहुण्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या लावायच्या होत्या. श्यूर्ड, व्हीबे, डाउवे, फेमके. बायको माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "अहो, ही नावं आहेत की शिंका?"

मला हसू आवरेना. विहीणबाईंनी विचारलं काय झालं, तर मुलीनं भाषांतर करून सांगून टाकलं. आम्हाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण विहीणबाई खूश. खुर्ची ओढून आमच्यात बसल्या आणि सुरू झाल्या. त्या अर्थात इंग्रजीत बोलतात, मी इथे माझ्या भाषेत लिहितोय.

"ही सगळी झिजलेली नावं आहेत," त्या म्हणाल्या. "श्यूर्ड मूळचं लांबलचक. विजय आणि राखणारा असे दोन शब्द जोडलेलं. शेकडो वर्षं आया हाका मारत राहिल्या आणि ते एवढंसं उरलं."

"आमच्याकडे विठ्ठलचा विठू होतो तसं," मी म्हणालो.

त्यांनी लगेच विठूचं स्पेलिंग विचारून घेतलं. डाउवे म्हणजे पारवा. फेमकेमध्ये शांतीचा जुना शब्द आहे, तोही झिजून झिजून ओळखू न येणारा, आणि पुढे जोडलंय ‘के’. ‘के’ म्हणजे छोटीशी, लाडाची. कुठल्याही नावाला लावा, ते आपलं होतं.

"छोटीशी शांती," विहीणबाई म्हणाल्या.

"म्हणजे आपली शांताबाई!" बायको म्हणाली. मग तर सगळेच हसले. दोघी बायकांची गट्टी जमली ती त्या दिवशी.

मग विहीणबाईंनी सांगितलं, की त्यांच्याकडे मुलांना आजी-आजोबांची नावं देतात, त्यामुळे एकेका घरात चार-चार डाउवे निघतात. चुलत भाऊ सगळे एकाच नावाचे.

"घोटाळा नाही का होत?" मी विचारलं.

"छे. बापाच्या नावानं ओळखायचं. याचा डाउवे, त्याचा डाउवे. नाव एकाला दिलं म्हणून संपतं थोडंच?"

बायको चिठ्ठ्या सरळ करत होती. ती हसायची थांबली. का, ते त्या हॉलमध्ये मला एकट्यालाच ठाऊक होतं.

आमचं लग्न ठरलं तेव्हा माझ्या मोठ्या भावाच्या बायकोचं आणि हिचं नाव एकच होतं. आई म्हणाली, "एका घरात एका नावाच्या दोन सुना? हाक मारली की दोघी धावत येतील, आणि कामाच्या वेळी एकही नाही यायची." सगळे हसले. मीही हसलो. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नाव लिहायचं असतं, ते लिहायच्या आधी तासभर गुरुजींनी मला विचारलं, काय ठेवायचं? मी एक सांगितलं. माझ्या नावाशी जुळणारं होतं आणि चार अक्षरांचं होतं, भारदस्त वाटलं. हिला कुणी विचारलं नाही. ते सगळं हौसेनं, फोटोबिटो काढत चाललेलं. तिनं ताटात वाकून बघितलं. दुसऱ्याचं पत्र चुकून आपल्या दारात यावं, तसं तिनं ते वाचलं.

तीन वर्षांत आम्ही अमेरिकेत आलो. भाऊ-वहिनी पुण्यातच. म्हणजे इथे घरात ही एकटीच सून, हाकेला घोटाळा व्हायचा काही प्रश्नच नाही. पण कागद सगळे नव्या नावाचे झाले होते. पुढे सिटिझनशिपचा फॉर्म भरताना त्यात एक प्रश्न आला: तुम्हाला नाव बदलायचं आहे का? ती समोर मटार सोलत बसली होती.

"अहो, विचारलंय तर लावू या का माझं पहिलं नाव?"

"आता कशाला? लायसन्स बदला, बँकेत जा. आणि त्याला वेगळी शपथ असते कोर्टात, लांबतं सगळं. नसता डोक्याला ताप."

"बरं," ती म्हणाली.

मी ‘नो’ वर खूण केली. ती मटार सोलत राहिली. पुन्हा हा विषय तिनं कधी काढला नाही. माहेरी ती सगळ्यांची ताई, आई-वडील लवकर गेलेले, त्यामुळे हिचं पहिलं नाव आमच्या मुलीच्या कानावर कधी पडलंच नाही. घरात मी तिला ‘अगं’ म्हणतो.

तर, मुलीला मुलगी झाली. आम्ही डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतविडा असं सगळं गाडीत भरून निघालो. बायको खोलीत मुलीपाशी, मी आणि विहीणबाई बाहेर वेटिंग रूममध्ये. त्यांनी पिशवीतून ती वही काढली.

"आमच्याकडे पहिल्या मुलीला आईच्या आईचं नाव देतात. मुलांनी ठरवलंय, तुमच्या बायकोचं नाव ठेवायचं. शेवटी ‘के’ लावून, म्हणजे ते आमचंही होईल. तिला सांगू नका हं, बारशाला सरप्राइज आहे." मग पेन उघडून त्या म्हणाल्या, "हे तिचं जन्माचंच नाव ना? मी विचारते, कारण आमच्याकडे बाईचं नाव लग्नानं बदलत नाही. थडग्यावरसुद्धा माहेरचंच आडनाव कोरलेलं असतं. वहीत चुकीचं जायला नको."

दुसरी बाई असती तर हा प्रश्न तिला सुचलाही नसता. यांना सुचला, आणि त्यांनी तो मला सरळ विचारला. मला एवढंच म्हणायचं होतं, "नाही, ते मी ठेवलेलं आहे." पण मग ताट, तांदूळ, वहिनी, आई, सगळं समजावून सांगावं लागलं असतं. "तुम्ही लोक बायकांची नावंच बदलता?" त्या म्हणाल्या असत्या. मग त्यांचे ते निळे डोळे माझ्याकडे बघत राहिले असते. मी ड्राइव्ह करून थकलो होतो, हे खरं आहे. पण थकवा हे कारण नव्हे. मला लाज वाटली, आणि लाज लपवायला तो शब्द सोपा होता.

"येस," मी म्हणालो. त्यांनी नाव लिहिलं, पुढे ‘के’ जोडलं, आणि खाली एक रेघ मारली.

बारसं बाराव्या दिवशी होतं. म्हणजे बारा दिवस माझ्या हातात होते. त्या बारा दिवसांत मी त्यांच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ काढला, कारसीट बसवली, गॅरेजचं दार दुरुस्त केलं.

बारशाला बाळाच्या आत्यानं, म्हणजे जावयाच्या बहिणीनं, पाळण्यात वाकून कानात ‘कुर्रर्र’ करायचं होतं. मुलीनं तिला आठवडाभर शिकवलेलं. तिनं मिशिगनच्या ‘र’नं जे काही ‘कुर्रर्र’ केलं, त्याला पाळण्याभोवतीच्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग तिनं मोठ्यानं नाव सांगितलं. सगळे माझ्या बायकोकडे वळले. मुलगी रडत होती. "आई, तुझं नाव!"

बायकोनं पाळण्याची दोरी धरलेली होती. ती म्हणाली, "छान आहे हो." आणि दोरी ओढत राहिली.

परतताना गाडीत, शिकागोच्या अलीकडे कुठेतरी, तिनं इतकंच म्हटलं, "त्यांची काय चूक? त्यांना कसं माहीत असणार? कागदावर तेच आहे. कुणी विचारलं असतं तर गोष्ट वेगळी."

मी इंडिकेटर दिला आणि लेन बदलली.

त्यानंतर तिनं नातीला त्या नावानं एकदाही हाक मारली नाही. चिमणे म्हणते, ठमे म्हणते, माझी बाय ती, म्हणते. व्हिडिओ कॉलवर दिवसातून दोनदा तासन्‌तास बोलते, पण नाव नाही. मला वाटलं हे कुणाच्या लक्षात येणार नाही. सहा महिन्यांनी मुलीचा मला एकट्याला फोन आला.

"बाबा, आईला प्रॉब्लेम काय आहे?"

"कसला प्रॉब्लेम?"

"शी नेव्हर सेज हर नेम. नेव्हर. मला आधी क्यूट वाटायचं, पण आता हिच्या आजीनं, आय मीन माझ्या सासूनं, विचारलं. आईला ते ‘के’ आवडलं नाही का? ते लोक आवडत नाहीत? मी किती प्रेमानं ठेवलं, यार. हर्ट होतं मला."

तेव्हाही मला सांगता आलं असतं. फोनवर तर निळे डोळेही नव्हते. मी म्हणालो, "तसं काही नाही गं. आईच्या जिभेला ते शेवटचं वळत नाही, म्हणून लाजते."

म्हणजे पहिलं खोटं मी बायकोच्या नावावर खपवलं आणि दुसरं तिच्या जिभेवर.

त्या रविवारी मुलीनं कॉल लावला आणि आईला स्क्रीनसमोर बसवलं. बाळ मांडीवर. "आई, लाजायचं नाही हं. सोपं आहे. माझ्यामागे म्हण." आणि तिनं अक्षरं तोडून तोडून नाव म्हटलं. शेवटी ‘के’.

बायकोनं चष्मा सारखा केला. मग शाळेतल्या मुलीसारखी तिनं ते म्हटलं. मुलगी म्हणाली, "एकदम बरोबर! परत." तिनं परत म्हटलं. "आता मोठ्यानं." तिनं मोठ्यानं म्हटलं. बाळ हसलं. मुलगीही हसली, सहा महिन्यांनी मनापासून. मी सोफ्याच्या टोकाला बसून पाय हलवत होतो.

कॉल संपला तशी ती माझ्याकडे वळली. "माझ्या जिभेला वळत नाही, असं तुम्ही सांगितलंत?"

"तिला वाईट वाटत होतं."

"मग खरं सांगायचं होतं. हे माझं नाव नाही, एवढंच. ती काय लहान आहे?"

"तू सांग ना," मी म्हणालो. स्वतःचाच आवाज मला नकोसा झाला.

"मी सांगितलं तर ती तक्रार होते. पोरीला वाटेल, आई आपल्या बाळाच्या नावावर रुसलीय. तुम्ही सांगा." ती उठून आत गेली. जाताजाता थांबली. "आणि त्यांनी विचारलं नव्हतं, म्हणून मी कुणाला दोष देत नाही. तेही सांगा."

याला आता चार महिने झाले. मुलीचा फोन आला की मी हवामान विचारतो. ती आता आईशी छान बोलते, कारण आई नाव घेते. कॉलवर दोनदा-तीनदा तरी घेते, स्पष्ट, शेवटच्या ‘के’सकट. मी शेजारच्या खोलीत असलो तर दार लोटून घेतो.

मला विचारलं होतं. आधी बायकोला आणि मग मुलीला, हे सांगणं माझ्याकडून राहिलं आहे. नातीला तिच्या आजीचं खरं नाव मी अजून देणं लागतो.