मे महिन्यातली शेगडी

माझी लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा मी पंचावन्न वर्षांची होते. म्हणजे अगदीच कोवळी, आणि त्या वयाला शोभेल एवढी मला स्वतःच्या अकलेची खात्री होती. आता साठी उलटल्यावर ती खात्री बरीच उतरलीय.

आमचं घर भिगवणच्या अलीकडे, उसाच्या कडेला. लेक दिलीय माळेगावात. बाळंत झाली ती बारामतीच्या दवाखान्यात, मुलगी झाली, आणि तिसऱ्या दिवशी मी दोघींना घरी आणलं. मे महिना होता. दुपारी बाहेर कुत्रंसुद्धा दिसायचं नाही. मी बाळंतिणीची बाज टाकली ती मागच्या पत्र्याच्या खोलीत, कारण तिथे वारं लागत नसे. वाऱ्याला मी फार भ्यायचे. उन्हालाही भ्यायचं असतं, हे ज्यांनी सांगितलं त्यांचं मी ऐकलं नव्हतं.

खिडकीला मी पोतं ठोकलं. पंख्याच्या बटणावर चिकटपट्टी लावली, म्हणजे कुणाचा हात चुकूनही जायला नको. सकाळ-संध्याकाळ बाजेखाली गोवऱ्यांच्या विस्तवाची शेगडी सरकवायची, वर ओवा आणि बाळंतशेपा टाकायच्या, आणि त्या धुरात आई आणि बाळ दोघींना शेकायचं. लेकीच्या कानाला फडकं घट्ट बांधलेलं. बाळाला झबलं, त्यावर कुंची, त्यावर दोन दुपटी, आणि पायात मी स्वतः विणलेले लोकरीचे मोजे. मोज्यांचा मला विशेष अभिमान होता.

पाण्याचा हिशेब तर माझ्याच हातात. बाळंतिणीनं पाणी जास्त प्यायलं की पोट सुटतं, असं मी ऐकत आलेले. त्यामुळे अर्धं फुलपात्र उकळून कोमट केलेलं पाणी, तेही जेवणाबरोबर.

"आई, अजून थोडं दे गं," लेक म्हणायची.

"पेज पी की. पेजंत पाणीच असतंय."

आमच्या ह्यांनी एकदा दारातूनच आत डोकावलं आणि उपरण्यानं तोंड पुसलं. "अगं, कोंबडीची पिल्लं सुदीक बल्बखाली एवढी शेकत न्हाईत."

"तुमी किती बाळंतपणं केली?" मी विचारलं. ते शेताकडे गेले.

थोरल्या जाऊबाई मात्र खूश होत्या. रोज संध्याकाळी यायच्या, पदर सावरत बाजेखाली वाकून विस्तव बघायच्या आणि म्हणायच्या, "असं बाळंतपण आता कोण करतंय बाई." तेवढ्या एका वाक्यासाठी मी अख्खी खोली तापवत होते, हे आज कबूल करायला हरकत नाही.

सहाव्या दिवशी गावातली आशाताई बाळ-बाळंतिणीच्या तपासणीला आली. तिनं आधी पोतं बघितलं, मग शेगडी, मग मला. "मावशी, खिडकी उघडा. बाळाला एक सुती कापड बास हाय. आन् ताईला पाणी पिऊ द्या, तहान लागंल तेवढं."

"व्हय बाई, व्हय," मी म्हणाले, आणि तिच्या हातानंच पोतं काढवून घेतलं. तिची स्कूटी वळणाआड गेली तेव्हा मी पुन्हा खिळे ठोकत होते.

त्यानंतर बाळ फार झोपायला लागलं. मी शेजारणींना सांगत सुटले की पोरगी किती गुणाची, आवाज म्हणून नाही. दोरीवर लंगोटही कमी दिसायला लागले. मला वाटलं, धुणं वाचलं. एवढ्या सगळ्या खुणा डोळ्यांसमोर वाळत घातलेल्या, आणि मी त्या घडी करून ठेवत होते.

आठव्या दिवशी दुपारी लेकीनं हाक मारली. "आई, ही सकाळपासून ओली झाली न्हाई. पीत बी न्हाई. तोंडात धरती आन् सोडती."

"झोपंत असंल."

"हात लावून बघ."

मी दुपट्यात हात घातला. बाळाची छाती तव्यावरून काढलेल्या भाकरीसारखी होती. ओठ कोरडे. गालाला टिचकी मारली तर डोळे अर्धे उघडले आणि पुन्हा मिटले. लेक माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि मी उठून शेजारी जीप मागायला धावले.

शेजारच्यांची जीप मिळाली. बारामतीचा रस्ता मी कितीदा केलाय, पण त्या दिवशीइतका लांब कधी वाटला नाही. मोजे मी वाटेतच काढून पिशवीत लपवले.

दवाखान्यात नर्सबाईंनी बाळाला टेबलावर ठेवलं आणि एकेक कपडा सोडवत गेल्या. शेवटी आतून जे निघालं ते अगदीच एवढंसं होतं, लालबुंद आणि घामोळ्यांनी भरलेलं. डॉक्टरीणबाई माझ्या लेकीपेक्षाही लहान दिसत होत्या. त्यांनी ताप बघितला, टाळूवर बोट ठेवलं, मग लेकीला विचारलं, "दिवसभरात पाणी किती पिता?"

लेकीनं बोटांवर फुलपात्रं मोजली. मग म्हणाली, "आई देते तेवढं. आन् आई बाहेर गेली की आंघोळीच्या बादलीतलं तांब्याभर."

हे मला नवीन होतं. मी भिंतीवरचं लसीकरणाचं चित्र बघत राहिले.

"आजी, कपड्यांना धुराचा वास येतोय. शेगडी कुणी सांगितली?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"माझी तिन्ही बाळंतपणं शेगडीवरच झाली," मी ताठ मानेनं म्हणाले. "काय बी झालं न्हाई."

"कुठल्या महिन्यात झाली?"

मी आठवायला लागले. थोरला मार्गशीर्षात. ही लेक पौषात. धाकटा संक्रांतीच्या आदल्या दिवशी. सासूबाई पहाटे शेगडी पेटवायच्या तेव्हा तोंडातून वाफ निघायची.

"थंडीत," मी म्हणाले. माझाच आवाज मला बारीक वाटला.

त्या हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. "एवढ्याशा बाळाला नुसत्या उकाड्यानं असं होऊ शकतं, पण नुसता उकाडाच आहे असं मी आत्ता म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "रक्त तपासायला पाठवते. तोवर दूध पाजत राहा, आणि लघवी होते का बघा. झाली की लगेच सांगा."

मग आम्ही बघत बसलो. लेकीनं नर्सबाईंच्या हातातून पाण्याची बाटली घेतली आणि एका दमात संपवली. दूध काढून वाटीचमच्यानं थेंब थेंब बाळाच्या तोंडात घालत राहिली. मी अंग पुसायचं ओलं फडकं बदलत होते. बाळाच्या अंगावर फक्त एक सुती लंगोट, आणि मी दर दोन मिनिटांनी त्याच्यात बोट घालून बघत होते. कोरडा. पुन्हा कोरडा. समोरच्या खाटेवरची बाई मला वेडी समजली असेल.

"आता तरी बोट घालू नगंस," लेक म्हणाली. आठ दिवसांत पहिल्यांदा ती माझ्यावर खेकसली, आणि मी ऐकलं.

दिवे लागायच्या वेळेला बाळानं पाय झाडले, तोंड वेडंवाकडं केलं आणि रडायला लागलं. त्याच वेळी लंगोट ओला झाला. लेकीनं ओला हात मला दाखवला. मी नर्सबाईंना सांगायला एवढ्या घाईनं गेले की चपला खाटेखालीच राहिल्या.

रक्तात काही निघालं नाही. तरी तीन दिवस ठेवून घेतलं. घरी आल्यावर ह्यांनी बाज ओसरीला आणून टाकली, कडुनिंबाच्या सावलीत. मी पोतं काढलं आणि चिकटपट्टी नखानं खरवडली.

संध्याकाळी जाऊबाई आल्या. बाजेखाली वाकल्या. "शेगडी कुठं गेली?"

"काढली," मी म्हणाले. "उन्हाळ्यात कुठं शेगडी असती व्हय? मला पयल्यापासनं पटत नव्हतं."

जाऊबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. बाजेवर लेक बाळाला पाजत होती. तिनं मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "आई, पाणी आण. तांब्याभर."

मी आणलं.