बांधावरचं शूटिंग

"मॅडम, वेळ गेली. इंजेक्शन देता येणार नाही," स्क्रीनवरून डॉ. काझी म्हणाले.

मी सोलापुरात सात रस्त्याजवळच्या ओपीडीत. मी न्यूरॉलॉजिस्ट, म्हणजे मेंदूविकारांची डॉक्टर. काझी माढ्याच्या एका छोट्या हॉस्पिटलात. त्यांच्यासमोर खाटेवर नामदेव आबा, उजनी धरणाकाठचे केळीचे शेतकरी. उजवी बाजू लुळी, तोंड वाकडं, वाचा बंद. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता, म्हणजे मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी. ती विरघळवणारं इंजेक्शन असतं, पण झटक्यापासून साडेचार तासांच्या आत. उशिरा दिलं तर मेंदूतच रक्तस्राव होण्याची भीती. झटका कुणी पाहिला नसेल, तर माणूस शेवटचा ठणठणीत दिसला तिथून घड्याळ मोजायचं.

"सकाळी सातला च्या पिऊन पाण्याच्या मोटारीवर गेले," आबांच्या पत्नी कुसुमबाई सांगत होत्या. "तवा चांगले व्हते की."

आता पावणेदोन वाजले होते.

"सापडले कुणाला?" मी विचारलं.

"मला." मागे आबांचा धाकटा भाऊ उभा होता, किसन अण्णा. "बाराला. मोटारीपाशी पडल्याले."

"त्याआधी पाहिलं होतं?"

"न्हाय."

"मग तिथं कशाला गेला होता?"

"असंच. वाटंनं चाललो व्हतो."

"असंच?" कुसुमबाई उसळल्या. "मॅडम, मोटार सामाईक हाय. पाण्याच्या पाळीवरनं दोन वर्सं भाव-भाव भांडत्यात."

आता माझाही तोल सुटला. "अण्णा, मी पोलीस नाही. आज इंजेक्शन मिळालं नाही, तर यांचा हात आणि बोलणं कदाचित कायमचं जाईल. आज भांडण झालं का?"

अण्णांनी मान खाली घातली. "माज्यामुळंच झालं म्हंतील समदी."

"मी म्हणणार नाही. किती वाजता?"

खिशातून मोबाइल काढत ते पुटपुटले, "शूटिंग हाय. पोलीस पाटलाला दावायचं म्हनून केलं व्हतं."

काझींनी अण्णांच्याच मोबाइलमध्ये वेळ तपासली, अकरा पंचवीस, आणि व्हिडिओ मला पाठवला.

लकव्याच्या तपासणीत आम्ही पेशंटला सांगतो: दोन्ही हात वर करा, दात दाखवा, एक वाक्य बोला. आबांनी हे सगळं बांधावर उभं राहून, न सांगता केलं होतं. दोन्ही हात आभाळाकडे. दात दोन्ही बाजूंनी सारखे. वाक्यं सलग पंधरा-वीस, त्यातलं एकही इथे छापण्याजोगं नाही, पण एकही शब्द अडखळलेला नाही. ओपीडीत इतकं सहकार्य मला कुणी देत नाही.

म्हणजे अजून दोन तास हातात होते. बीपी, शुगर, बाकीची यादी पुन्हा तपासली आणि म्हटलं, "काझी, द्या." इंजेक्शन चालू असताना मी स्क्रीनवरून नजर काढली नाही. भीती मलाही वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हिडिओवरच राउंड घेतला. आबांचा उजवा हात थोडा वर आला.

"आबा, काहीतरी बोला."

आबांनी खोली न्याहाळली. पायथ्याशी अण्णा दिसले. जीभ जरा जड होती, पण शब्द ओळखू आला. व्हिडिओतला पहिलाच होता.

अण्णांनी गळ्यातल्या टॉवेलानं डोळे पुसले. "त्योच हाय मॅडम! काल बी हितनंच सुरुवात केली व्हती!"

मी नोंद केली: वाचा परत येत आहे, भावाला ओळखतात.

तेव्हापासून नातेवाइकांना मी 'पेशंट शेवटचे ठीक कधी होते' एवढंच विचारून थांबत नाही. शेवटचं भांडण कधी झालं, तेही विचारते. ती वेळ मिनिटासकट सांगतात.