वर्नाच्या नावापुढची चार अक्षरे

सेंट एल्मर रुग्णालयाच्या तळघरात बसून वर्ना लेह्टो चौतीस वर्षे दुसऱ्यांची दुखणी वाचत आली होती. डॉक्टर घाईघाईत काय लिहितात, परिचारिका काय नोंदवतात, आणि दोघांचा मेळ कुठे बसत नाही, एवढेच तिने बघायचे. मेळ बसला नाही की डॉक्टरला लेखी विचारणा पाठवायची. या विचारणेचा एक नियम होता. प्रश्नात उत्तर असता कामा नये. आजार डॉक्टरने सांगायचा, आपण त्याच्या तोंडात घालायचा नाही. हे तिला कुणी शिकवले नव्हते. कामातूनच कळले होते.

गेल्या वसंतात ब्रॉडी हॅल्स्टेड नावाचा चौतिशीचा गृहस्थ विभागप्रमुख म्हणून आला. वर्नाला नोकरीला लागून जेवढी वर्षे झाली, तेवढे त्याचे वय. साठीच्या बायकांना तो ‘तरुणी’ म्हणे.

“काय तरुणी, चाललंय ना सगळं?” असे म्हणत तो वर्नाच्या टेबलाच्या कडेवर बूड टेकवी. तो गेला की ती टेबल पुसून घेई.

जूनमध्ये त्याने फर्मान काढले. सहा महिन्यांच्या आत परीक्षा देऊन प्रमाणपत्र आणायचे. नाहीतर नोकरी सोडायची. विभागात दोघीच जुन्या उरल्या होत्या, वर्ना आणि ऑर्फा डिलेनी. वर्ना बासष्ट, ऑर्फा एकोणसाठ.

“चौतीस वर्षं पुरली नाहीत यांना,” ऑर्फा म्हणाली. “आता कागद दाखवा म्हणतात.”

“कागदच तर वाचतो आपण. आणू एक आपलाही.”

वर्ना अभ्यासाला बसली. नवरा अर्व्हिड रात्री भांडी घासायचा आणि ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुस्तक वाचायची. कंटाळा येईल असे तिला वाटले होते. पण विचारणा कशी लिहावी हे प्रकरण आले आणि ती थबकली. ती इतकी वर्षे जे करत आली होती, ते तिथे छापलेले होते, कलमे पाडून. ‘उत्तर सुचवणारी विचारणा म्हणजे कर्तव्यभंग.’ तिने ते वाक्य अर्व्हिडला वाचून दाखवले.

“मग? तुला माहीतच होतं की.”

“माहीत होतं. पण आता कुणी नाही म्हणालं तर दाखवायला जागा झाली.”

परीक्षा ग्रीन बे शहरात होती. दारातल्या मुलीने तिला खिसे उलटे करायला लावले, बाह्या वर करायला लावल्या, चष्मा काढून फिरवून बघितला.

“रुमाल आत नेता येणार नाही.”

“बाई गं, सर्दी झालीय मला.”

“नियम आहे. कागदी रुमाल हवा असेल तर हात वर करायचा, आम्ही आणून देऊ.”

वर्नाने दोनदा हात वर केला, कुणी आले नाही. मग तिने तीन तास स्वेटरच्या बाहीला नाक पुसले. आपण चोर आहोत आणि शिवाय घाणेरड्याही आहोत, असे तिला वाटत राहिले. पण पास झाली, आणि चांगल्या गुणांनी झाली.

ब्रॉडीने केक आणला. निळ्या साखरेत तिचे नाव आणि पुढे प्रमाणपत्राची चार अक्षरे. खाणाऱ्यांचे दात निळे झाले.

“आता तुझ्या शब्दाला वजन आलं, तरुणी.”

“आधी नव्हतं?”

“होतं गं. पण बाहेरच्यांना दिसत नव्हतं.” बाहेरचे म्हणजे विम्याचे तपासनीस, हे तिला तेव्हा उमगले नाही.

दोन आठवड्यांनी वरच्या मजल्यावरून डॉक्टर ऑकरमनचा फोन आला. “वर्ना, त्या नीमी नावाच्या रुग्णाबद्दलची तुझी विचारणा मिळाली. सही करून टाकली. पण खरं सांगू? अडीचशे पौंड वजनाचा गडी तो. कुपोषित कसला?”

“कोणती विचारणा?”

“अगं, तूच पाठवलीस ना?”

“मी नाही पाठवली. आणि पटत नव्हतं तर सही का केलीत?”

“खाली तुझं नाव होतं. अक्षरांसकट. म्हटलं, आता ही शिकून आलीय, हिला काहीतरी दिसलं असेल.”

वर्नाने ती विचारणा उघडली. ‘रुग्णाने चार दिवस अन्न घेतलेले नाही. तीव्र कुपोषण असल्यास येथे खूण करावी.’ खाली एकच चौकोन. खूण करायला दुसरी जागाच नव्हती.

मग तिने परिचारिकांच्या नोंदी वाचल्या. पहिल्या रात्री नीमीने आपली कवळी हातरुमालात गुंडाळून जेवणाच्या ताटात ठेवली होती. ताट गेले, त्याबरोबर कवळी कचऱ्यात गेली. तेव्हापासून रोज त्या बिनदाताच्या माणसासमोर डुकराच्या मांसाचा जाड तुकडा ठेवत होते, आणि रोज ‘जेवण नाकारले’ असे लिहीत होते. एक वाटी सूप द्यायचे कुणाला सुचले नव्हते. त्याच्या उपासाचा मात्र आजार झाला होता. आजार जेवढा भारी, तेवढे बिल भारी.

तिने स्वतःच्या नावाने शोध घेतला. नऊ दिवसांत एकेचाळीस विचारणा. सगळ्यांना एकच चौकोन. न्हाणीघरात जाऊन तिने तोंड धुतले, मग हात धुतले, मग परत एकदा हात धुतले.

ब्रॉडी दार उघडे टाकून जेवत होता.

“माझ्या नावाने हे कुणी पाठवलं?”

“यंत्रणा पाठवते. मसुदा मी केलाय. तुला तेवढाच त्रास कमी.”

“उत्तर आधीच लिहून दिलंय त्यात. हे करता येत नाही.”

“सगळीकडे करतात.”

“तुझ्या नावाने कर मग.”

तो हसला. “माझ्या नावापुढे ती अक्षरं नाहीत ना. म्हणून तर तुम्हाला परीक्षेला बसवलं.”

हे तो इतक्या सहज बोलला, की तिला त्याच्या ओठाला लागलेल्या चटणीचीही किळस आली.

“मी सगळ्या मागे घेणार आहे.”

“वर्ना, तुला निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत. या वयात दुसरीकडे कोण दारात उभं करणार?” पहिल्यांदाच तो तरुणी म्हणाला नव्हता.

ती जागेवर आली. गप्प राहिली तर नोकरी राहणार होती आणि नाव जाणार होते. बोलली तर उलटे. तिने एकेक विचारणा उघडली आणि खाली लिहिले, ‘ही विचारणा मी लिहिलेली नाही. यात उत्तर सुचवलेले आहे. कृपया ग्राह्य धरू नये.’ एकेचाळीस वेळा. सही झालेल्यांच्या डॉक्टरांना फोन केले. ऑकरमनने मुकाट्याने आपली खूण काढली.

चार वाजता ब्रॉडी आला. “ठीक आहे. विचारणांवरून तुझं नाव काढून टाकलं. सोमवारी तुझं काय करायचं ते बघू. तोपर्यंत ऑर्फा आहे. कालच परीक्षा पास झालीय ती.”

ऑर्फाच्या नवऱ्याचे रक्त आठवड्यातून तीनदा यंत्रातून शुद्ध करावे लागे. त्याचा खर्च भागवणारा विमा तिच्या नोकरीवर होता. वर्ना तिच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

“ऑर्फा, एक सांगायचंय.”

“नको सांगूस.” ऑर्फाने पडद्यावरची नजर हलवली नाही. “तू सांगितलंस की मला कळलं असं होईल.”

“तुझ्या नावाने सुरू होईल आता.”

“झालं? सांगून मोकळी झालीस?”

“नाही झाले.”

ऑर्फाने चष्मा काढून डोळे चोळले. “अक्षरं मिळाली म्हणून काल रात्री घरी केक भाजला होता. चेरीचा. नवरा म्हणाला, आता तुला कुणी हलवू शकत नाही.” चष्मा परत लावून ती म्हणाली, “परीक्षा घेणाऱ्यांना लिहिणार आहेस?”

“त्यांना आणि विमावाल्यांनाही.”

“माझं नाव घालू नकोस.”

“नाही घालणार.”

“आणि आजच लिही,” ऑर्फा म्हणाली. “सोमवारी माझ्या नावाने विचारणा गेल्या तर मला मागे नाही घेता येणार. तेवढा जीव नाही माझ्यात.”

वर्नाने अर्व्हिडला फोन करून जेवून घ्यायला सांगितले आणि पत्र लिहायला बसली.