गिरणीवाल्याची झोप

पावणं, त्या दुपारी पिठाच्या गिरणीत मी, शेजारची शांताक्का, सुताराची मंगल अन् गिरणीवाला, एवढीच माणसं हुती. गिरणीवाला अंगानं थोराड. पीठ चिमटीत धरून बघायचा अन् रोज बोलता बोलताच पोत्याला टेकून घोरायचा. मधीच घोरणं थांबायचं, श्वास सुदीक न्हाय. मग दचकून हवा वढायचा. मंगल म्हणायची, "इंजन बंद पडलं बघा!"

"हसा की! सुखी माणसालाच झोप लागती," त्यो म्हणायचा.

त्या दुपारी बी तसाच झोपला, अन् जागा झाला तवा तोंड वाकडं, उजवा हात लोंबत हुता. मला वाटलं, फिट आली. मी पायातली चप्पल काढून त्याच्या नाकाला लावली. शांताक्का हुंगवायला कांदा आणाय पळाली. त्यात अर्धा तास गेला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, हा लकवा आहे. झोपेत श्वास अडकायचा म्हणता ना, त्यानं बीपी वाढलं. लगेच आणायला हवं होतं."

नवरा अन् लेक मातीआड झालेलं सोसलं मी, पर चप्पल लावण्यात गेलेला त्यो अर्धा तास सलतो. अजून त्याला बोलता येत न्हाय.

पावणं, तुमच्या घरात घोरता घोरता कुणाचा श्वास थांबत असंल, तर हसू नका. डॉक्टरला दाखवा.