सोळावं पान

छापखान्यात तिला सगळे बाइंडरबाई म्हणत. बावीस वर्षं तिनं वह्या शिवल्या, आणि एका दुपारी कागद कापायच्या मशीनचं पातं बटण न दाबताच खाली आलं. डाव्या हाताची दोन बोटं गेली.

मालकांनी दवाखान्यात आधी फळं पाठवली, मग कागद. वर्षभराचा पगार एकरकमी मिळेल, फक्त एका वाक्याखाली सही हवी: ‘अपघात माझ्याच निष्काळजीपणामुळे झाला.’

“घेऊन मोकळी हो,” थोरले दीर म्हणाले. “शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये.”

नणंदेनं री ओढली, “हातचं सोडून पळत्याच्या मागे कशाला लागायचं, वहिनी?” बँडेज बांधलेल्या बाईला हीच म्हण ऐकवायची, धन्य ती नणंद!

पैशांची गरज होती, खोटं कशाला बोला. पण ते वाक्य काही केल्या घशाखाली उतरेना. नव्या माणसाला हात कुठे ठेवायचे हे पहिल्या दिवशी शिकवायची ती, आणि निष्काळजीही तीच?

तरी पर्समध्ये पेन टाकून ती तडजोडीच्या सहीसाठी कामगार अधिकाऱ्यांकडे गेली. तिथे मालकांच्या वकिलानं मशीनच्या दुरुस्तीची नोंदवही ऐटीत पुढे सरकवली. “बघा, पात्याबद्दल एकही तक्रार नाही. कोर्टात काय दाखवणार?”

वही तिच्याच हातानं शिवलेली होती. बाइंडर वही आधी वाचत नाही, चाळतो. आठ ताव दुमडायचे, मधोमध दोरा घालायचा, सोळा पानांची एक जुडी झाली. तिचा अंगठा एका जुडीवर अडला. पंधराच भरली. आणि एक पान सुटं होऊन हातात आलं. जोडीचं पान कापलं की दुसरं सुटतंच, हे मालकांना कुठून माहीत असणार? कापलेल्या जागेच्या पुढचं पान तिनं खिडकीकडे तिरपं धरलं. मशीन दुरुस्त करणारा मिस्त्री नोंदी पेन दाबून लिहायचा. कोऱ्या कागदावर वळ उठले होते: ‘पातं आपोआप पडतंय. मशीन बंद ठेवा.’

तिला इतका आनंद झाला की हात दुखायचा थांबला.

“साहेब,” ती अधिकाऱ्यांना म्हणाली, “यातलं एक पान कापलंय. वही मी शिवलीय, मला कळतं. ही आता तुमच्याच कपाटात ठेवा आणि तसं लिहून द्या.” तिनं पेन परत पर्समध्ये टाकलं. “सही नाही करत. कोर्टात भेटू.”

दोन वर्षं तारखा पडल्या. मालकांनी कामावरून काढून टाकलेला मिस्त्री साक्षीला आला आणि ते अक्षर आपलंच म्हणाला. वकिलानं शेवटी तिलाच टोचून विचारलं, “एवढ्या दुखापतीनंतर पानं नीट मोजता येतात का, बाई?”

“आठ बोटं उरलीत, साहेब. पंधरा मोजायला पुरली.”

न्यायाधीशही हसले.

भरपाई तिप्पट मिळाली. पण तिनं घरी आधी आणली ती निकालाची प्रत. आठ बोटांनी ती शिवली, जाड पुठ्ठा चढवला आणि थोरल्या दिरांच्या हातात दिली.

“मोठ्यानं वाचा, भाऊजी.”

त्यांनी चष्मा लावला. “कामगार स्त्रीचा कोणताही निष्काळजीपणा आढळत नाही...”

“तेवढंच पुन्हा वाचा.”

भाऊजींनी तीनदा वाचलं.