वाळूतला झिरा आणि कासवाची अंडी

बाळांनो, परवा फोनवर तुम्ही सांगितलंत की या सुट्टीत समुद्रकाठच्या राष्ट्रीय उद्यानात तंबू टाकून राहणार आहात. तेव्हापासून माझ्या नोकरीतलं एक प्रकरण डोळ्यांपुढून हलत नाही. तुम्ही निघण्याआधी वाचावं म्हणून लिहून पाठवते. नावं मात्र लिहीत नाही. ती माणसं अजून इथंच राहतात.

निवृत्ती जवळ आली होती आणि संभाजीनगरातल्या एका ठाण्याचा कारभार माझ्याकडे होता. थंडीचे दिवस. सकाळची हजेरी आटोपत होते, तेवढ्यात किनाऱ्यावरच्या वन अधिकाऱ्यांचा फोन आला. उद्यानातलं समुद्री कासवाचं एक घरटं रिकामं सापडलं होतं. आपल्या शहरातली एक सहल तिथं राहून आदल्याच रात्री निघाली होती आणि फाटकावरच्या पहारेकऱ्यानं त्यांच्या बसमध्ये एक ओलं, जड पोतं चढताना पाहिलं होतं. शिवाय घरट्याभोवतीची वाळू फांदीनं झाडून कुणीतरी पावलांचे ठसे पुसले होते. काम सराईताचं आहे, असं त्यांचं मत पडलं. अंडी लवकर मिळाली तरच जगतील, हेही त्यांनी बजावलं.

बस शहरात शिरताच थांबवली. पंचांसमक्ष पोतं उघडलं, तर आत भिजलेला तंबू. तरी संशय सहल नेणाऱ्या तरुणावर राहिलाच. त्याच्या घरच्यांचं गुलमंडीत कापडाचं दुकान. दुकान भावावर सोपवून हा लोकांना दौलताबादच्या बाजूला डोंगर चढायला न्यायचा. समुद्रावर पहिल्यांदाच गेला होता. तिथं मंडळींनी खाडीत होड्या वल्हवल्या, कड्यावर दोर लावून चढले, किनाऱ्यानं दूरवर चालले. वन्यजीव कायद्याखाली अटक झाली असती, तर त्याचं हे काम तिथंच संपलं असतं. त्याचे अब्बा ठाण्याबाहेरच्या बाकावर बसून होते. चहा दिला तर तोही घेईनात.

जमादारांनी त्याला उलटसुलट विचारून पाहिलं. तो एकच सांगत राहिला.

"मॅडम, कपडेवालों का खानदान है हमारा. अंडे लेके मैं क्या करूं?"

"ऑम्लेट," जमादार म्हणाले. तो हसला नाही. मीही नाही.

जबाब घेताना माझी एक पद्धत होती. त्या दिवशी काय खाल्लं, काय प्यालं, हे मी आधी विचारायची. माणूस गुन्ह्याबद्दल उत्तरं जुळवून येतो. जेवणाबद्दल कुणी जुळवत नाही. म्हणून मी त्याला शेवटच्या दिवसाचे फोनमधले फोटो दाखवायला सांगितलं. एका फोटोत मंडळी वाळूत बसून लोट्यानं पाणी पीत होती. पाणी जरा गढूळ दिसत होतं.

मी विचारलं, "हे पाणी कुठलं?"

तो आठवू लागला. चालता चालता बाटल्या संपल्या होत्या, एका बाईंना चक्कर आली होती. मग सहलीबरोबर तंबू ठोकायला नेलेल्या मामांनी कुठूनसं पाणी आणलं. कुठून, ते त्यानं विचारलंच नव्हतं.

हे मामा वैजापूरकडचे, मेंढरं राखण्यात हयात गेलेले. जमादारांनी त्यांचा जबाब सकाळीच घेऊन त्यांना घरी सोडलं होतं: अंडी चोरली नाहीत, विकली नाहीत. मी त्यांना परत बोलावलं. अंड्यांचं नाव काढलं नाही. समुद्राकाठी गोडं पाणी कसं मिळालं, एवढंच विचारलं.

"झिरा काढला की," मामा म्हणाले. "आपल्याकडं कोरड्या नदीत काढत्यात तसा. केवड्याच्या मागं वाळू उकरली. पयल्या खड्ड्यात पाणी नाय लागलं, अंडी लागली. लिंबाएवढी, मऊ. मंग दुसरीकडं उकरलं, तिथं लागलं पाणी."

"आणि अंडी?"

"उघडी कशी टाकावी? फडक्यात घेतली, वरच्या अंगाला पुरली, वर काटेरी फांद्या रोवल्या. कोल्ह्याला माग लागू नाय म्हणून वाळू झाडली. रानात टिटवीची अंडी दिसली तरी आमी तसंच करतो."

"मग सकाळी का नाही सांगितलंत?"

"चोरी इचारली व्हती, मॅडम. चोरी म्या केली नाय. अन् उकरू नका म्हणून फाटकावर पाटी लावलेली. म्या बोललो असतो तर ह्या पोराला परत कुणी आत घेतलं नसतं."

मी तिथूनच वन अधिकाऱ्यांना फोन लावला. जागा मामांनी स्वतः सांगितली. संध्याकाळपर्यंत उलट फोन आला: काट्यांखाली अंडी सापडली, आता ती कुंपणातल्या उबवणीच्या जागेत नेत आहेत. बाहेर जाऊन ही बातमी मी अब्बांना दिली. त्यांनी दुसरा चहा मागवला, आपल्यासाठी आणि मामांसाठी.

उद्यानात उकरणं, अंडी हलवणं हा गुन्हाच. तो मी अहवालात लपवला नाही. चोरीचा हेतू नव्हता, हेही तितकंच स्पष्ट लिहिलं. वन खात्यानं मामांना समज दिली आणि प्रकरण मिटवलं.

त्यानंतर जबाब तपासताना मी उत्तराआधी प्रश्न वाचू लागले. आपण चोरीच विचारली, तर समोरचा चोरीबद्दलच बोलतो. बाकीचं त्याच्यापाशीच राहतं. आणि आपल्या रानातली चांगली सवय परक्या किनाऱ्यावर नुकसान करू शकते. अंडी उलटीसुलटी झाली की आतला जीव दगावतो, हे मामांना ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं. तेव्हा तिथं वाळूत काही सापडलं, तर हात लावू नका, वनरक्षकाला बोलवा.

त्या घरट्यातली निम्मी अंडी वाया गेली. उरलेली फुटली आणि पिल्लं समुद्रात गेली. तो तरुण अजून दर थंडीत लोकांना तिथं नेतो.