साइटवरचं तिचं पान

माणूस गेलं की त्याचं अंथरूण घरात ठेवत नाहीत. आमच्याकडे दहाव्याच्या आत गादी, गोधडी, नेसणीची लुगडी सगळं बाहेर. बायको गेली तेव्हा तिची गोधडी मीच घडी करून दिली. रडलो नाही, खोटं कशाला सांगू. काम होतं, केलं. रडायची वेळ नंतर आली, आणि ती फोनमुळे आली.

चिखल्याला आमची चिकूची लहानशी वाडी. वाडीत पाहुण्यांसाठी दोन खोल्या. मुंबई-सुरतेची माणसं शनिवार-रविवार येतात, दर्यावर जातात, घरचं जेवतात. मुलगी तलासरीला दिलेली, तिथं शाळेवर मास्तरीण आहे. २०१४ साली ती म्हणाली, "बाबा, वेबसाइट केल्याशिवाय आता कोण येणार नाही." मी सातवी नापास. म्हटलं, कर बाई.

तिनं केली आणि मला शिकवलीसुद्धा, कारण ती काय रोज येणार? जुना लॅपटॉप दिला आणि एका वहीत मराठीतून सगळं लिहून दिलं. साइटला पुढचं दार असतं आणि मागचं. पुढून पाहुणे बघतात, मागून आपण शिरायचं, पासवर्ड टाकून. आत गेलं की डावीकडे काळी पट्टी. त्यात पानं, फोटो, मेनू, रंगरूप. साइटच्या माथ्यावर नावांची जी ओळ दिसते, खोल्या, वाडी, यायचं कसं, तिला मेनू म्हणतात. काहीही बदललं की निळं बटण दाबायचं. नाही दाबलं तर मेहनत पाण्यात. हे शेवटचं तिनं लाल पेनानं लिहिलं होतं.

मला ते काम आवडायला लागलं. चिकूचा बहर आला की फोटो बदलायचा, पावसाळ्यात एक खोली बंद असली की तसं लिहायचं. एकदा रंगरूपात शिरलो आणि एक नवीन नमुना चालू करून बसलो. आमची वाडी गेली कुठल्या कुठे. तिच्या जागी एक गोरी बाई कॉफी पीत बसलेली.

बायको मागून बघत होती. म्हणाली, "अहो, ही कोण आणलीत घरात?"

"आपोआप आली."

"आपोआप येते का कोण? घालवा तिला. आणि माझं पान कुठंय?"

जुना नमुना परत चालू केला तेव्हा बाई गेली आणि वाडी आली. बायको आठवडाभर पाहुण्यांना ती गोष्ट सांगत होती.

तिचं पान म्हणजे मडक्याचं पान. ती तलासरीकडची. तिकडे थंडीत मडक्यात पाला अंथरून त्यात कोनफळ, रताळी, पापडीच्या शेंगा, बटाटे मसाल्यानं भरून ठेवतात, मडकं उपडं घालून भोवती जाळ करतात. हायवेवर विकतात त्याला उंबाडियू म्हणतात. ती नुसतं मडकं म्हणायची. पाहुणे त्यासाठी परत परत यायचे. मुलीनं एका दुपारी तिला समोर बसवलं आणि ती जसं बोलली तसंच्या तसं टाइप केलं. एक शब्द सुधारला नाही. "कोनफळ सोलून ठेवू नका, काळं पडतं. ओल्या लसणीची पात हात आखडून घालू नका. घाई असेल तर करूच नका, वडापाव खा. मडकं ठोकून बघून घ्या, बद्द वाजलं तर दुकानदाराला परत द्या. आमच्याकडे पहिलं मडकं यांच्या हातून फुटतंच." एवढं सगळं. माझी बदनामी जगभर झाली, पण पाहुण्यांना आवडायचं.

२०१७च्या कार्तिकात ती गेली. काय झालं, कसं झालं, ते लिहीत नाही.

बारावं उरकलं, आणि फोन सुरू झाले. थंडीचा मोसम. ते पान वाचून माणसं फोन करायची. "काकू आहेत का? त्यांच्याशीच बोलायचं होतं." सुरतेकडचे विचारायचे, "माशी छे के?", म्हणजे मावशी आहे का. प्रत्येकाला सांगायचं, नाही, गेली. पलीकडचा माफी मागत बसायचा. मग मीच त्याला समजवायचं, असू दे, असू दे. एका दिवसात तिघांना समजावलं. तिसऱ्या वेळी मलाच रडू फुटलं आणि फोन ठेवून दिला.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं, अंथरूण काढलं, लुगडी काढली, हे तेवढं राहून गेलं. हेही काढायला हवं. मुलीला विचारलं नाही. तिच्यासमोर आईचं नाव काढलं की ती उठून आत जायची.

लॅपटॉप उघडला. मेनूत गेलो. तिच्या पानाच्या नावाला बारका बाण होता, तो दाबला, खाली लाल अक्षरात 'काढून टाका' लिहिलं होतं ते दाबलं. मग निळं बटण. फोनवर साइट उघडून बघितली. खोल्या, वाडी, यायचं कसं. ती नाही. गोधडी देताना काही झालं नव्हतं, तेव्हा झालं. ओटीवर बसून राहिलो. परत आणायचं कसं ते वहीत नव्हतं, आणि तिचं बोलणं दुसरीकडे कुठं लिहून ठेवलेलं नव्हतं. फोटो आहेत, पण फोटो बोलत नाहीत.

फोन कमी झाले. अगदी थांबले नाहीत. होळीच्या आधी सुरतेहून एकाचा आला.

"काका, मडक्याचं वाचलं तुमचं. आईला घेऊन यायचंय."

"कुठं वाचलंत?"

"तुमच्या साइटवर. आत्ताच. गूगलवर शोधलं तर हेच आलं."

"खोटं बोलू नका. ते मी काढलंय."

"अरे काका, समोर दिसतंय मला..."

"बायको मेली माझी, आणि तुम्ही मस्करी करता?" म्हटलं आणि फोन कापला. वाटलं, कुणाकडून तरी ऐकलं असेल आणि थापा मारतोय.

वर्षश्राद्धाला मुलगी आणि जावई आले. विधी झाला, पानं वाढली, मंडळी गेली. दुसऱ्या दिवशी मुलगी म्हणाली, "बाबा, आज आईचं मडकं करू या. मी कोनफळ आणलंय."

मी म्हटलं, "मसाला कसा करायची माहितीय तुला?"

"पानावर आहे ना. मी वर्षभर उघडलंच नाही ते. आज उघडते."

आता सांगणं भाग होतं. सांगून टाकलं. "नाही ते पान. मी काढून टाकलं."

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, आता ही परत या घरात पाऊल टाकणार नाही. जावई उठून विहिरीकडे गेला. शहाणा माणूस आहे.

"काढलं म्हणजे काय केलंत?"

"मेनूतून काढलं. लाल अक्षरं दाबली. निळं बटण दाबलं."

"मेनूतून?"

"हो म्हटलं ना."

"आणि पानांत गेला होता का? काळ्या पट्टीत, पानं लिहिलंय तिथं?"

"तिथं कशाला जाऊ?"

ती लॅपटॉप घेऊन बसली. पानांची यादी उघडली. खोल्या, वाडी, यायचं कसं. आणि त्यांच्यात ती. तिनं दाबलं, आणि सगळं आलं, लसणीची पात, वडापाव, बद्द वाजणारं मडकं, माझी बदनामी.

"बाबा, मेनू म्हणजे नुसती वाट. वाट मोडलीत तुम्ही. घर आहे तिथंच आहे."

वर्षभर छातीवर पाटा ठेवल्यासारखं होतं, तो कुणीतरी उचलला. मी हसायला लागलो. ती रडायला लागली, मग तीही हसली. "काय माणूस आहात तुम्ही! एक फोन करायचा होता मला."

"तू उठून आत गेली असतीस."

"गेले असते. पण परत आले असते ना बाहेर."

ती म्हणाली, पानावर लिहू या का की आई आता नाही, म्हणजे फोन येणार नाहीत. मी म्हटलं, तिच्या बोलण्याला हात लावायचा नाही. पण माथ्यावर माझी एक ओळ टाक. मी सांगितली, तिनं टाइप केली. "हे जिनं सांगितलं ती बाई २०१७ साली गेली. मडकं आता मी करतो. मीठ चुकलं तर मला बोला, तिला नको." मेनूत मात्र ते मी स्वतः चढवलं. पानाच्या नावापुढे खूण केली, मेनूत घातलं, धरून ओढत सगळ्यांच्या वर नेलं. निळं बटण दाबायला विसरत होतो, मुलीनं हात धरला.

मग सुरतेवाल्याचा नंबर शोधला. पाहुण्यांचे फोन मी वहीत टिपून ठेवतो, त्याच्या नावापुढे मी 'थापाड्या' लिहून ठेवलं होतं.

"चिखल्याहून बोलतोय. तुम्ही खरं बोलत होता. ते पान होतं. मला माफ करा."

तो म्हणाला, "काका, आई रोज विचारते, कधी नेणार."

"जानेवारीत आणा. कोनफळ चांगलं असतं."

आले दोघं. म्हातारी माझ्याहून चार वर्षांनी मोठी असेल. खुर्ची टाकून जाळासमोर बसली आणि मला सूचना देत राहिली. मी फोन उघडून बायकोचं पान समोर ठेवलं होतं, एकेक ओळ वाचत पाला अंथरला, मसाला भरला, पात हात न आखडता घातली. मडकं ठोकूनही बघितलं होतं, चांगलं खणखणीत वाजलं होतं.

उचलून जाळाकडे नेताना हातातून निसटलं आणि ओट्यावर फुटलं.

म्हातारीनं मुलाकडे बघितलं. मुलानं माझ्याकडे बघितलं. त्यानं पान वाचलेलं होतं, त्यामुळे त्याला हसू आवरेना. मी कोनफळ वेचलं, धुतलं आणि दुसरं मडकं आणायला गेलो. ते मी आधीच आणून ठेवलं होतं.